धुतलेला कागद

फरमान आलं तेव्हा मळण्या उरकल्या होत्या,
नाईल तळाशी गेलेली, कालव्यांत नुसती चिखलाची साय.
देवळासमोर फळी टाकून मी बसलो,
काजळी आणि डिंक घोटून शाई केली,
बोरूला टोक काढलं.
रोमच्या बादशहाला प्रत्येकाकडून लेखी हवं होतं:
मी देवांना नेहमीच भोग दिला,
आजही तुमच्यासमोर वाइन ओतली,
बळीचं मांस चाखलं.
खाली सही, दोन साक्षीदार, तारीख.

मजकूर एकच. नावं तेवढी बदलायची.
चौथ्या दिवसापासून मी आधीच लिहून ठेवू लागलो,
नावापुरती जागा सोडून,
दोन बोटं रुंद.
तेवढ्या जागेत अख्खं गाव मावलं:
तेल्याची विधवा तामिएउस, उजव्या भुवईवर व्रण;
मेंढ्या मोजणारा पाकेबकिस, जो दोनदा आला,
एकदा स्वतःसाठी, एकदा मेलेल्या बापासाठी,
मागाहून भानगड नको म्हणून.
काही जण रात्री मागच्या दाराने आले.
मांस नको, फक्त कागद दे, म्हणाले.
त्यांना मी दुप्पट दर लावला.
खोटं का बोलू, त्या उन्हाळ्यात मी गाढव घेतलं.

मग थेर्मूथिस परटीण आली.
तिच्या मुलाने तिच्या नावचा कागद परस्पर नेला होता.
तो तिने फळीवर ठेवला.
"काय लिहिलंय, वाच."
वाचलं.
"'नेहमीच' लिहिलंय?"
"सगळ्यांच्यात तसंच आहे."
"तीन वर्षांत मी चिमूटभर धूपही घातलेला नाही.
माझं नाव काढ."

मी समजावलं. खरंच समजावलं.
बाई, ही चार ओळींची थाप आहे,
हे मला ठाऊक, साक्षीदारांना ठाऊक,
देवळातल्या मगरीलासुद्धा ठाऊक.
तुझा देव काय असले कागद वाचत बसतो?
"त्याचं मला माहीत नाही," ती म्हणाली.
"पण पहाटे आम्ही एका खोलीत बसतो.
माझ्या एका अंगाला तांबटाची बायको,
दुसऱ्या अंगाला कुणाचा तरी गुलाम, त्याला नाक नाही.
भाकरीचा तुकडा माझ्या हातून त्याच्या हातात जातो.
ह्या हातून."
आणि तिने हात पुढे केला,
जणू मी तो कधी पाहिलाच नव्हता.
सोड्याने फुटलेला, नखं मऊ पडलेली.
गावभरचे कपडे त्या हाताखालून गेले होते,
माझा अंगरखाही, परवाच.

मी स्पंज भिजवू लागलो, तो तिने काढून घेतला.
"राहू दे. डाग काढणं माझं काम."
आधी देव गेले.
मग वाइन, मग मांस.
साक्षीदार विरघळून तिच्या मनगटावरून ओघळले.
स्वतःचं नाव तिने शेवटी ठेवलं होतं.
तिला वाचता येत नव्हतं,
ते नेमकं कुठे आहे, हे तिने मला विचारून घेतलं.

दहाव्या दिवशी सैनिक आले.
खाणींकडे नेलं म्हणतात, कुणी म्हणतं तिथवर पोचलीच नाही.
नेण्याआधी यादी करायची होती.
गावात लिहिणारा मी एकटाच.
तेव्हा ते नाव मी पुन्हा लिहिलं,
व्रण कुठे आहे ते विचारून.
नाही म्हणाली.

पुढच्याच वर्षी बादशहा कुठल्याशा दलदलीत मेला.
आता ती खोली मोठी झाली आहे,
मधली भिंत पाडून बाजूचं कोठार आत घेतलंय.
माझे कागद घेतलेले अजून उंबऱ्याबाहेर उभे असतात,
आत घ्या म्हणून रडतात.
पाकेबकिसही असतो, मेलेल्या बापासकट.
मी तिकडे जात नाही. मला माझे देव पुरेत,
निदान ते कुणाच्या शेजारी बसायला सांगत नाहीत.

धुतलेला कागद अर्ध्या दराने जातो.
हा मात्र गेला नाही,
म्हणजे मी काढलाच नाही विकायला.
एकदा कांद्यांचा हिशेब लिहायला घेतला, शाई फुटली.
काल तो उजेडाकडे धरून पाहिला,
एखादा काना, एखादी रेघ, काही राहिलंय का.
काही नाही.
बाई कामाला पक्की होती.