सातवी कमान

लोहगावहून परवानगी मंगळवारी आली :
पन्नास मीटरच्या वर जायचं नाही, नऊच्या आत उतरायचं.
म्हणून साडेसहालाच आम्ही नदीपात्रात,
घोटाभर चिखलात पिवळी चटई अंथरून
तिच्यावर ठेवला परातीएवढा ड्रोन.

पूल दगडी. अकरा कमानी.
वरून पीएमपीची बस गेली की पोटात कुरकुरतो,
अवेळी जेवलेल्या म्हाताऱ्यासारखा.

केतकी घारींवर नजर ठेवते.
मागच्या महिन्यात एकीनं झडप घातली
आणि अडीच लाख रुपये जलपर्णीत गेले.
विम्याच्या फॉर्मवर कारण लिहिलं : पक्षी.

इलाही मुजावर आले, कुणी बोलावलं नव्हतं.
पूल खात्यात एकतीस वर्षं, आता निवृत्त.
हातोडी रुमालात गुंडाळलेली,
भाकरी आणावी तशी.
म्हणाले, आम्ही दोरानं उतरायचो.
दगडावर टकटक करायची, कान लावायचा.
सांधा भरलेला असला की दगड लगेच ओ देतो.
आत पोकळ असला
तर जरा थांबतो,
मग देतो.

याला कान आहे का?

मी म्हटलं, कॅमेरा आहे. केसाएवढी भेग दिसते.
भेग तर सगळ्यात शेवटी दिसते, पोरी,
म्हणाले, आणि चहाचं विचारलं.

कमानीखाली शिरलं की उपग्रह हरवतात,
मग अंगठ्यांवरच उडवायचं, श्वास धरून.
एकेका दगडाचे नऊ-नऊ फोटो.
दहा मिनिटं कमी नऊला
बॅटरी बारा टक्क्यांवर, आणि आम्ही खाली.

रात्री ऑफिसात पूल पुन्हा उभा राहिला,
चार कोटी ठिपक्यांचा.
बोटानं फिरवला की फिरतो. ना वास, ना डास.
आता साफसफाई : जे पूल नाही ते पुसायचं.
पाणी पुसलं. बाभळी पुसल्या.
धुणं धुणारी बाई आपोआपच पुसली गेली होती,
हलणाऱ्याचा नुसता निळा ओरखडा उरतो.

पण सातव्या कमानीखाली
एक माणूस अख्खा आला होता.
चौकडीचं पांघरूण, उघडा तळवा,
उशाला टिफिनची पिशवी.
आम्ही होतो तेवढा वेळ तो हललाच नाही.
माझ्या कामात त्याच्याइतकं नीट
कुणीच कधी उभं राहिलेलं नाही,
आणि हा तर आडवा.

पुसला.

तर त्याच्या मागे खांबाच्या पायथ्याशी
भोक निघालं, त्याच्याच आकाराचं.
तिथले दगड कॅमेऱ्याला दिसलेच नव्हते.
सॉफ्टवेअर विचारतं : आजूबाजूचं पाहून भरू?
भरतं छान. फरक कळत नाही.
केतकी म्हणाली, उद्या सबमिशन आहे गं.
मी थोडा वेळ त्या भोकाकडे बघत बसले
आणि मुजावरांना फोन लावला.

त्याचं नाव लिंबाजी. रात्रपाळीचा वॉचमन,
सकाळी झोपतो, बारापर्यंत.
मुजावरांनी हातोडी काढली तसा उठून बसला.
म्हणाला, ठोका की, पण मी सांगतो.
हा दगड दिवाळीपासून गार लागतो पाठीला.
शेजारचा नाही लागत.
वर मोठी गाडी गेली
की याच्या आतून माती सांडल्यासारखं होतं,
बारीक. झोप लागत नाही तेव्हाच ऐकू येतं.

मुजावरांनी ठोकलं.
आम्ही तिघंही गप्प.
वरून एक डंपर गेला.

रिपोर्टच्या तक्त्यात असा रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं : सातवा खांब, पायथा, उत्तर बाजू,
पोकळीचा संशय, पुन्हा तपासावे.
माहितीचा स्रोत : इथे मात्र पेन थांबलं.

मुजावरांनी दगडावर खडूनं फुली मारली.
लिंबाजीनं ती पाहिली, काही न बोलता
पांघरूण झटकलं, पिशवी उचलली,
आठवीखाली जाऊन आडवा झाला.

मॉडेलमध्ये आठवी कमान अजून रिकामीच आहे.