हातमोज्यांचा दिवस

त्या दिवशी पथारीवर निळे हातमोजे आले,
मोजून एकशे चाळीस जोड.
पुण्याहून दुकानाचे साहेब येणार होते तपासणीला.
दुकान मी पाहिलं नव्हतं,
बिलावर छापलेलं असायचं फक्त: साडेतीनशे शाखा.

मी काटा लिहितो, नंदुरबारला, सातवं वर्ष.
देठ खुडलेली मिरची कोणाची किती,
आकड्यासमोर अंगठा.
भावेशशेठनी नवं रजिस्टर दिलं,
"दिवाळीपासून भर, आणि पेन बदलत जा."
मी तीन पेनं बदलली.

जेमीबाई वसावे मोज्यांत बोटं घालेना.
म्हणाली, "हाऊ हात नही भाऊ, चुल्हा शे."
रात्री ती हात ताकात बुडवून बसते,
पोराला उचलते ते कोपरांनी.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

साहेब तरुण होता, भला वाटला.
फाटकातच सात वेळा शिंकला,
डोळे पुसत विचारलं, "काही त्रास?"
मुकादम पाठीशी उभा.
बायका हसल्या.
हसणं त्याने लिहून घेतलं.
पाणी, सावली, मोजे, संडास:
संडासाला त्या दिवशी कुलूप नव्हतं.

चारला गाडी गेली.
सव्वाचारला मोजे परत खोक्यात,
एकशे एकोणचाळीस.
एका जोडीपायी सगळ्यांचे आठ-आठ रुपये कापले.
जोडी माझ्या खिशात होती.
मी बोललो नाही.

आखाजीला बहिणीला आणायला नाशिकला गेलो,
तेव्हा मेहुण्यांनी दुकान दाखवलं.
आत गार. एवढी मिरची, आणि कोणी शिंकत नाही.
पाकिटावर हसरी बाई, टोपली, गोरे हात,
खाली बारीक अक्षरात बॅच एनटी ४१७.
ती पोती माझ्या काट्यावरून गेलेली.
काउंटरवरच्या मुलीला विचारलं,
ही कोणी खुडली, कळेल का?
"पाकीट फुटलंय का? बदलून देते."
तीही सकाळपासून उभीच होती.

त्यांना विचारा, तर ते पुरवठादाराचं नाव सांगतात,
पुरवठादार मुकादमाचं,
मुकादम म्हणतो, बायका कुठे काही बोलल्या?
पण किलोमागे दोन रुपये तोडायचे असले
की हेच दुकान
एकही दार न ठोठावता
थेट जेमीबाईच्या ताटलीपर्यंत येतं.

साहेब, जुनं रजिस्टर मी जाळलं नाही.
पाकिटावर तुमचा पत्ता आहे, त्यावरच पाठवतोय,
लाल अंगठ्यांसकट.
सोबत मोज्यांची एक जोडी.
आठ रुपयांचं माझं मी बघेन.
पानं उलटताना शिंक येईल,
ठसका लागेल, डोळे चुरचुरतील.
या वेळी
ते लिहून घ्या.