अदबीचा तास

सावद्याला बस स्टँडमागे, पाइपच्या दुकानाच्या माडीवर
साडेसातला आमचा वर्ग भरतो.
सात जण. मी सगळ्यांत मोठा, एकेचाळीसचा.
हाताला केळीचा चीक असतो,
वहीच्या कोपऱ्याला लागतो आणि काळा पडतो.

तडवी मॅडम म्हणतात,
गिव्ह मी द पेपर असं म्हणायचं नाही,
ते तोंडावर फेकल्यासारखं होतं.
कुड यू म्हणायचं. मग प्लीज.
वाक्याला आधी चपला काढायला लावायच्या,
मग उंबऱ्याच्या आत घ्यायचं.

मी विचारलं, मॅडम, आमच्या बोलीत प्लीज कुठं असतं?
आई म्हणते, "पानी दे बरं."
शेजारीण म्हणते, "विळा दे ना वं."
मॅडम हसल्या. त्या बरं-मध्येच असतं, म्हणाल्या,
तुम्ही कधी मोजलं नाही.

त्या रात्री मोजलं.
झोपेपर्यंत आईनं सव्वीस वेळा बरं म्हटलं.
बापानं एकदाही नाही.
पण भरीत-भाकरी खाताना
त्यानं स्वतःच्या ताटातला कांदा
न बोलता माझ्याकडे सरकवला.
ह्याचं इंग्रजी विचारायचं राहून गेलं.

पुढचा धडा, वुड यू माइंड.
खिडकी उघडली तर हरकत आहे का, असं कुणी विचारलं
आणि खुशाल उघडा म्हणायचं असलं,
तर म्हणायचं नो.
सगळा वर्ग गोंधळला. बोंडेंचा पोरगा तर चिडलाच.
मला लगेच कळलं.
पंगतीत वरण-बट्टीवर तूप वाढायला कुणी आलं
की आपण पानावर दोन्ही हात आडवे धरतो,
नको, नको, नको हो,
आणि बोटं जराशी फाकवून ठेवतो.

आय ॲम अफ्रेड मात्र जड गेलं.
मी पॅकहाउसला कागद सांभाळतो,
पेट्या मोजतो, बाहेरदेशी मेल लिहितो.
कंटेनर दोन दिवस उशिरा निघेल, एवढंच सांगायचं,
त्यात भ्यायचं काय?
ती भीती नसते, मॅडम म्हणाल्या,
दोन फण्यांच्या मधे तुम्ही फोम घालता ना,
डाग पडू नये म्हणून,
तेवढंच ते.

सोमवारी रात्री दुबईहून फोन आला.
समोर बिजू नावाचा कुणी, मूळ गाव केरळात.
दोघांचंही इंग्रजी उसनं,
दोघांनी धुऊन, इस्त्री करून आणलेलं.
आय ॲम अफ्रेड, मी म्हणालो.
आय अंडरस्टँड, सर, तो म्हणाला.
पुन्हा मी सॉरी, पुन्हा तो नो प्रॉब्लेम,
आणि मग दोघांकडचीही वाक्यं संपली.
फोन आधी कुणी ठेवायचा, हे वहीत नव्हतं.
मी विचारलं, हॅव यू ईटन?
थोडा वेळ नुसती खरखर.
नॉट येट, तो म्हणाला,
आणि सर म्हणायचं विसरला.

मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या,
व्याकरण बरोबर आहे,
पण धंद्याच्या फोनवर असं विचारत नाहीत.
मी ते वहीत लिहून घेतलं.
खाली रेघ मात्र मारली नाही.

बुधवारी सकाळी हौदापाशी
सुपडाबाई फण्या धूत होती, कोपरापर्यंत पाण्यात.
"ए, आटप लवकर," तोंडातून निघालं,
तेरा वर्षं निघतं तसंच.
मग मी तिथंच घुटमळलो. घसा कोरडा.
जरा वेळानं जोडलं, "...बरं."

तिनं हात पाण्यातून काढले नाहीत,
मान तेवढी वळवली.
"काय झालं रे भो?
बरं नही का तुले?"