पावती क्रमांक

सावद्याच्या वजनकाट्यावर, रात्री अडीचला,
दिल्लीचा ट्रक खाली उतरेपर्यंत
भिकन तडवी
पावतीच्या पाठीवर भागाकार मांडतो.

५१०५१०.
लग्नघराची संख्या, म्हणतो.
दोन आले, तीन आले, पाच, सात,
अकरा, तेरा, अगदी सतरासुद्धा,
जो तो पोटभर जेवून गेला,
पातेलं कोरडं.

पुढची पावती: ५१०५११.
पंगत तीच, पाहुणे तेच,
आणि कुणीही वाटलं तरी
एक केळं उरतंच.

‘अविभाज्य आहे भो,’ मी म्हटलं.
ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
‘सतरावरच दमला तू?
घडाला सुरी तर लागूच दे.’

एकोणीस.
बाकी न ठेवता, आवाज न करता गेला.
आत सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर;
त्यावर बराच वेळ पेन्सिल,
दोन डास, एक शिवी,
मग सुटले
सत्त्याण्णव आणि दोनशे सत्त्याहत्तर.
ह्या दोन फण्या मात्र
कुणाच्या बापाला फुटायच्या नाहीत.

ड्रायव्हरनं पावती चौघडी केली,
विड्यांच्या बंडलाखाली खोचली.
बऱ्हाणपूरच्या दिशेनं तांबडे दिवे
लहान होत गेले.

काट्यावर पुढचा ट्रक.
५१०५१२.
‘सम,’ म्हणत भिकन जांभई देतो.