पान चोपन्न ते एकसष्ट

परिपत्रक शनिवारी आलं, अर्ध्या दिवसाच्या शाळेत,
घंटेला सात मिनिटं असताना.
पान चोपन्न ते एकसष्ट शिकवू नये.
त्यावर प्रश्न काढू नयेत.
विद्यार्थ्याने विचारल्यास विषय बदलावा.
खाली टीप: नवी पुस्तके येईपर्यंत
सदर पाने पिना मारून बंद करावीत.
पिनांचा खर्च सादिलमधून.

मी सही केली.
हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी
मला धीट बाई समजायला नको.

बेचाळीस पुस्तकं, प्रत्येकी आठ पिना.
शिवडीच्या आमच्या शाळेत स्टेपलर एकच,
तोही दर तिसऱ्या पिनेला अडतो.
मी पुस्तकं उघडून सरकवत गेले,
तांडेल शिपाई दाबत गेले.
पापड लाटायला बसावं तसे बसलो होतो दोघं,
फक्त गप्पा नव्हत्या.

एकोणिसाव्या पुस्तकाशी ते थांबले.
आत काय हाय वो बाई?
म्हटलं, शेहेचाळीस साल. फेब्रुवारी.
बंदरातल्या खलाशांनी नासकं जेवण सरकवून दिलं,
मग झेंडे उतरवले जहाजांवरचे,
मग गिरण्या बंद, मग परळला गोळ्या.

ते व्हय, म्हणाले.
माजा आजा होरी घेऊन गेलता तवा.
पाव दिले त्यांना. केळी पन नेलती,
पन पानी हालत व्हतं, हात पोचंना,
अर्धी तशीच परत आनली.
आणि विसाव्या पुस्तकाला पिन मारली.

केळ्यांचं पुस्तकात नव्हतं.
म्हणजे केळ्यांवर बंदी नाही,
असं माझ्या मनात आलं,
आणि मग स्वतःचीच लाज वाटली,
किती सराईतपणे फट शोधते मी.

सोमवारी वर्गात कुणी काही विचारलं नाही.
आमच्या मुलांना बंद गोष्टींची सवय आहे.
प्रयोगशाळा, पाण्याचा कूलर, गच्चीचा दरवाजा.
फक्त नाझनीन परकारने पुस्तक आडवं धरून
पानांच्या फटीला एक डोळा लावला,
आंब्याच्या पेटीतलं गवत सारून
रंग बघतात तसा.
काय दिसतंय, असं मी विचारायला हवं होतं.
मी फळा पुसत राहिले. कोराच होता.

ऑगस्टात साहेब आले तपासणीला.
येमूलच्या अरविंदला उभं केलं.
त्रेपन्नच्या पुढचं पान कितवं?
बासष्ट, सर.
साहेब खूश. निघता निघता सहज म्हणाले,
आणि मध्ये काय आहे?
पिना, सर. आठ.

वर्गात कुणी हसलं नाही.
साहेबांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
शेरेबुकात लिहिलं: मुलांचे गणित चांगले.

आता दिवाळी झाली. खाडीच्या खाऱ्या हवेत
पिना गंजल्या, डाग फुटले दोन्हीकडे.
बासष्टवर तर बरोब्बर त्या चित्रावर,
जिथे मध्यरात्र झालीय, सगळे टाळ्या वाजवतायत
आणि का जागे आहेत ते कुणालाच माहीत नाही.

परवा तांडेल विचारत होते,
नवी पुस्तकं निघाली म्हनं डेपोतून.
ही जुनी रद्दीत जानार.
पन पिना असल्या तर रद्दीवाला घेत नाय,
काडून द्या म्हनतो.

काढू, म्हटलं. शनिवारी.
पोरांनाही बसवू मदतीला, अख्खा वर्ग.
बेचाळीस पुस्तकं आहेत,
दोघांच्यानं उरकायचं नाही.