न खेळलेली

गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात भलतंच:
स्पेलिंगात 'ग' आणि 'ह', जिभेवर मात्र कीथली.
इथे चॅपलमागच्या लिलावघरात
मी खेळण्यातल्या जुन्या गाड्या ओळखते,
दर मंगळवारी, दहा ते चार.

स्थळ पाहावं तशी गाडी पाहायची,
पण चेहऱ्यावर जायचं नाही. आधी पाय.
चाकं हिचीच ना, की मोडीत निघालेल्या दुसरीची?
टायर कडक, चिरलेले असले तर चालतील;
मऊ, काळेभोर दिसले की शंका घ्यायची.
मग उलटी करायची. पोटाशी रिवेट हवा.
तिथे स्क्रू दिसला
तर कुणीतरी आत जाऊन आलंय.
जांभळ्या टॉर्चखाली जुना रंग गप्प बसतो,
मागाहून दिलेला वेगळाच चमकतो, पितळ उघडं पडतं.
पितळ नव्हे, जस्त. पण म्हण तीच.
युद्धाआधीच्या काही जस्ताला तर आतूनच रोग:
बॉनेट फुगतं, भेगा पडतात,
एक दिवस हातातच चुरा.
त्याला औषध नाही. चिठ्ठीवर लिहायचं फक्त.

मलाही अशीच पाहिली होती एकदा, इचलकरंजीत.
चालून दाखव, म्हणाले होते.
असो.

आज नेव्हिल अ‍ॅक्रॉइड आले. वय पंच्याहत्तर.
बिस्किटांच्या डब्यात आठ गाड्या, टवके उडालेल्या,
एकीचं छप्पर घराच्या दाराच्या हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेलं.
आठींचे मिळून तीस पौंड,
तेही गिऱ्हाईक हळवं निघालं तर.
मग कोटाच्या खिशातून नववी.
खोक्यासकट. खोक्याचे कान शाबूत,
कडेला दुकानदाराच्या पेन्सिलीतली किंमत.
आत निळी सलून,
ओरखडा सोडा, बोटाचा ठसासुद्धा नाही.
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

अशी गाडी दोनच कारणांनी उरते,
मला शिकवणारे क्लिफर्ड हेथॉर्न म्हणायचे:
दुकान बुडतं, नाहीतर मूल जातं.
म्हणून जपून विचारलं.

"छे," ते म्हणाले, "मी रुसलो होतो.
मला लाल हवी होती, शेजारच्या रॉडनीसारखी.
बाबा गिरणीतून सुटून बसनं ब्रॅडफर्डला गेले
आणि निळी घेऊन आले.
मी खोकं बंद करून कपाटावर ठेवलं.
ते काही बोलले नाहीत. मीही नाही.
मग राहूनच गेलं."

पासष्ट वर्षांचा रुसवा,
एकही टवका न उडालेला.
मी आकडा सांगितला: तीनशे ऐंशी, कदाचित चारशे.
त्यांनी कमिशन विचारलं,
वीस टक्के ऐकून नाक मुरडलं.
जरा वेळानं म्हणाले,
एकदा चालवली तर भाव पडेल का हो?

नियमानं हो म्हणायला हवं होतं.
मी टेबलावरचे कागद बाजूला केले.
हिरव्या बनातीवर गाडी वीतभर गेली,
आस कुरकुरला, थांबली.
त्यांनी पुन्हा बोट लावलं,
आता ती माझ्या बाजूला आली.
मी परत पाठवली.

चिठ्ठीवर आधीच लिहून झालं होतं: 'न खेळलेली'.
खोडलं नाही.
एवढं खोटं कॅटलॉगात खपतं.