उजवा हात

चाकाओच्या धक्क्यावर बावीस वर्षं
माझं काम एवढंच:
फेरीबोटीच्या लोखंडी फळीशी उभं राहायचं
आणि उजव्या हाताने गाड्यांना म्हणायचं,
ये. अजून ये. अजून थोडं. बस्.

बटाट्याचे ट्रक, मेंढ्यांचे टेम्पो,
लग्नाहून परतणारी झिंगलेली बस,
एकदा तर नुसती शवपेटी, पिकअपच्या मागे दोराने बांधलेली.
सगळे माझ्या हाताकडे बघत यायचे.

त्या सकाळी निळी व्हॅन होती.
मी म्हटलं, ये.
ती आली.
फळी सरकली.

पाण्याचा आवाज झाला नाही, असं मी चौकशीत सांगितलं.
झाला असणारच, म्हणाले.
असेल.
मला मागची काच तेवढी दिसते.
काचेत एक बाई थर्मासचं झाकण लावत होती,
आटे नीट बसवून, सावकाश,
जसं लावतात
पुढे अजून बराच रस्ता असला की.

कागद आला: यंत्रातला बिघाड.
एलादियो बारिया यांचा दोष नाही.
कुस्तोदियाने चार घड्या घालून तो
पिठाच्या डब्याखाली ठेवला.
हाताला वाचता येत नाही.

हात तेव्हापासून खिशात.
कुत्र्याला शीळ घालतो.
चर्चमध्ये क्रूस डाव्या हाताने काढतो,
म्हाताऱ्या बायका बघतात, बघू देत.

रोसामेल म्हणतो, काळ जाऊ दे, काळ सगळं वाहून नेतो.
जन्मभर जाळी टाकलेला माणूस हा!
त्याला मी काय सांगू,
की ओहोटीने नेलेलं भरती परत आणते
त्याच धक्क्याला,
दिवसातून दोनदा.

कास्त्रोहून एक पोरगी येते दवाखान्यात, गुरुवारी.
समोर दिसतात त्या पाच वस्तू सांगा, म्हणते.
शेगडी. किटली. तुमच्या बुटांचा चिखल. खिडकी.
पाचवी व्हॅन.
ती दचकत नाही, विसरा म्हणत नाही.
बरं, म्हणते. पुन्हा पहिल्यापासून.
शेगडी.
तेवढ्यासाठी मी दोन तास चालत जातो.

परवा नात उभी राहिली,
स्टूल धरून. आईलिन, तेरा महिन्यांची.
तिच्यात आणि माझ्यात जमिनीच्या चार फळ्या.
घरातले सगळे ओरडले, बोलवा ना, आजोबा!
माझ्या घशात आलं ते, थांब.

तिने माझ्या हाताची वाट पाहिली नाही.
एक फळी. दुसरी. तिसरीवर
तोल गेला, आपटली,
ओठ फुटला, रडली, नाक पुसत
चौथी रांगत आली.

हात उशिरा पोचला.
पण खिशाबाहेर निघाला होता,
कुस्तोदियाने बघितलं, बोलली नाही,
बटाटे सोलत राहिली.

रात्री व्हॅन आलीच, तिच्या वेळेला.
काचेत ती बाई.
झाकणाचे अजून दोन आटे बाकी.